शब्दवेध : छात्र

‘छात्र’ शब्द पाणिनीने ‘छत्र’पासून साधला. छत्र म्हणजे छत्रीच. काशिकावृत्ती म्हणते, गुरूचे उणे झाकतो तो छात्र. पतंजली मात्र दोन्ही बाजूंनी बोलतो : गुरूने शिष्यावर छत्र धरावे, शिष्याने गुरूला जपावे.

अमळनेरला हा अर्थ जगून दाखवला गेला. १९२४ साली प्रताप हायस्कुलात आलेले साने गुरुजी पुढे तिथले छात्रालय सांभाळू लागले. मुलांची विस्कटलेली अंथरुणे ते गुपचूप आवरून ठेवत. ‘छात्रालय’ नावाचे दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढत. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचने टिपून घेणारे गुरुजीच. छत्र धरणारा तिथे स्वतः छात्र होऊन बसला होता.