फोटो एडिटिंग शिकताय? पैसे भरण्याआधी हे वाचा. मोफत आणि स्वस्त सॉफ्टवेअरची सविस्तर माहिती

तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते आणि गावागावातली तरुण मुलं कॅमेरा घेऊन कामाला लागतात. कोणी सेकंडहँड कॅनन किंवा निकॉन घेतलेला असतो, कोणी चांगल्या मोबाईलवरच हळदीचे, साखरपुड्याचे फोटो काढून देतो. कॅमेरा, लेन्स, बॅटरी यात हातातले पैसे संपतात आणि मग प्रश्न येतो, एडिटिंग कशात करायचं? नामांकित सॉफ्टवेअरला दर महिन्याला पैसे भरावे लागतात. म्हणून बरेच जण पेन ड्राइव्हवरून कोणाकडून तरी ‘फुकट’ कॉपी घेतात.

इथेच घात होतो. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने असंच क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकलं. टाकताना अँटीव्हायरस बंद करायला सांगितलं होतं, त्याने तो बंद केला. दोन दिवसांनी लॅपटॉपमधली एकही फाईल उघडेना आणि पैसे मागणारी इंग्रजी सूचना दिसायला लागली. एका लग्नाचे सगळे फोटो त्यात होते, मेमरी कार्ड पुसून झालं होतं. पैसे परत देता येतात, पण लग्न पुन्हा लावता येत नाही. म्हणून क्रॅक कॉपीच्या वाटेला जाऊ नका. त्याची गरजही नाही, कारण सुरुवातीच्या कामासाठी कायदेशीर आणि मोफत सॉफ्टवेअर भरपूर आहेत.

आधी आपलं काम ओळखा

दुकानात जाऊन नुसतं ‘बी-बियाणं द्या’ असं आपण म्हणत नाही. कोणतं पीक, किती क्षेत्र ते आधी ठरवतो. इथेही तसंच आहे. एडिटिंगची कामं साधारण तीन प्रकारची असतात.

१) फोटो सुधारणं : उजेड कमी-जास्त करणं, रंग नीट करणं, वाकडा फोटो सरळ करणं, कापणं.

२) फोटोत बदल करणं : मागची वायर काढणं, पार्श्वभूमी बदलणं, जुना फाटका फोटो दुरुस्त करणं.

३) मांडणी : अल्बमचं पान, वाढदिवसाचा बॅनर, लग्नपत्रिका.

नवशिक्याचं बरंचसं काम पहिल्या प्रकारात येतं. त्यासाठी महागडं काही लागत नाही.

मोबाईलवर काम करणाऱ्यांसाठी

स्नॅपसीड हे गुगलचं ॲप पूर्ण मोफत आहे आणि त्यात जाहिराती येत नाहीत. पिवळ्या मांडवात काढलेल्या फोटोत सगळ्यांची तोंडं पिवळी दिसतात, ती ‘व्हाइट बॅलन्स’ने ताळ्यावर येतात. फक्त नवरीचा चेहरा उजळायचा असेल तर ‘सिलेक्टिव्ह’ आहे, छोटा डाग काढायला ‘हीलिंग’ आहे. एकेक फोटो करायला हे उत्तम. पण पाचशे फोटो करायचे असतील तर हात दुखतील.

लाइटरूमच्या मोबाईल ॲपचा साधा भाग मोफत वापरता येतो. काही महत्त्वाची साधनं आणि क्लाउडवर साठवण यांना पैसे लागतात. मोफत भागावर शिका, लगेच पैसे भरू नका.

बॅनर आणि शुभेच्छांसाठी कॅनव्हा किंवा पिक्सेललॅब बरं पडतं. पण ही मांडणीची साधनं आहेत, फोटो सुधारण्याची मुख्य साधनं नाहीत.

लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर असेल तर

आधी रॉ आणि जेपीईजी यातला फरक समजून घ्या. जेपीईजी म्हणजे भाजलेली भाकरी, रॉ म्हणजे मळलेलं पीठ. भाकरी करपली तर फार काही करता येत नाही, पिठाला अजून आकार देता येतो. जेपीईजीत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिट रॉमध्ये १६,३८४. म्हणून अंधारलेला रॉ फोटो पुष्कळ उजळवता येतो. मात्र २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची एक रॉ फाईल साधारण २५ एमबीची धरा. हजार फोटो म्हणजे २५ जीबी. तेवढी जागा हवी.

कॅमेरा कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर : हे अनेकांना माहीतच नसतं. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ आणि सोनीचं इमेजिंग एज डेस्कटॉप मोफत मिळतात. आपल्याच कॅमेऱ्याच्या रॉ फाईल त्यात नीट उघडतात आणि रंग कॅमेऱ्यात दिसतात तसे येतात. कॅननचं डाउनलोड करताना कॅमेऱ्याचा सिरीयल नंबर मागितला जाऊ शकतो, तो कॅमेऱ्याच्या तळाला असतो. नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी.

डार्कटेबल आणि रॉथेरपी : दोन्ही पूर्ण मोफत. एका फोटोवर केलेली सेटिंग बाकीच्या शेकडो फोटोंना एकदम लावता येते. मूळ फाईलला धक्का लागत नाही. शिकायला मात्र वेळ लागतो, पहिल्या दिवशी बटणं बघूनच माणूस घाबरतो.

गिंप : १९९६ पासून चालत आलेलं मोफत सॉफ्टवेअर. वायर काढणं, पार्श्वभूमी बदलणं, जुना फोटो दुरुस्त करणं ही दुसऱ्या प्रकारची कामं यात होतात. जुन्या लॅपटॉपवरही चालतं.

फोटोपी : हे ब्राउझरमध्येच चालतं, इन्स्टॉल करावं लागत नाही. बाजूला जाहिराती दिसतात एवढंच. अल्बमचे तयार पीएसडी डिझाइन यात उघडतात. फोटोचं काम आपल्याच कॉम्प्युटरवर होतं, फोटो कुठे अपलोड होत नाही. लाईट जाण्याचा भरवसा नसेल तर दर थोड्या वेळाने सेव्ह करत राहा.

ॲफिनिटी : पूर्वी हे एकदाच पैसे भरून विकत घ्यावं लागायचं. २०२४ मध्ये कॅनव्हाने ही कंपनी घेतली आणि ऑक्टोबर २०२५ पासून ते मोफत केलं. कॅनव्हाचं खातं उघडावं लागतं. एआयच्या सोयींना वेगळे पैसे आहेत. लॅपटॉप बरा असेल तर जरूर बघा.

कोणतंही सॉफ्टवेअर त्याच्या अधिकृत वेबसाइटवरून किंवा प्ले स्टोअरवरूनच घ्या.

मराठी अक्षरं तुटतात, काय करायचं?

फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत जोडाक्षरं तुटत असतील तर प्रेफरन्सेसमधल्या ‘टाइप’ विभागात ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडा आणि युनिकोड फॉन्ट वापरा. मुक्ता आणि बालू हे मराठीचे फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर मोफत मिळतात आणि बॅनरवर उठून दिसतात.

पैसे कधी भरावेत?

काम वाढलं, महिन्याला दोन-तीन ऑर्डर पक्क्या यायला लागल्या आणि मोफत सॉफ्टवेअरमध्ये वेळ जास्त जातोय असं दिसलं, तर पैसे भरायला हरकत नाही. एका ऑर्डरच्या नफ्यातून वर्षाचा खर्च निघतो का, एवढा हिशेब करा. त्याआधी तीन गोष्टी बघा.

१) ‘महिन्याला अमुक रुपये’ असं लिहिलेलं असलं तरी करार वर्षाचा असू शकतो. मध्येच बंद केला तर दंड बसतो. अटी वाचा.

२) ‘सात दिवस मोफत’ घेताना ऑटो-पे सुरू होतं. मुदत संपायच्या आधी बंद करा. आपल्या यूपीआय ॲपमध्ये ऑटो-पेचा वेगळा भाग असतो, तिथे कोणाला परवानगी दिली आहे ते दिसतं. नुसतं ॲप काढून टाकल्याने पैसे कापणं थांबत नाही.

३) फसवणूक झाली, खात्यातून पैसे गेले, तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.

प्रिंट काढताना

चार बाय सहा इंचाच्या चांगल्या प्रिंटला १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात, आठ बाय बाराला २४०० बाय ३६००. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर तो दाबला जातो, म्हणून लॅबला पाठवताना ‘डॉक्युमेंट’ करून पाठवा. स्क्रीन फार उजळ ठेवून एडिट केलं तर प्रिंट काळपट येते. पूर्ण अल्बम देण्याआधी एक छोटी प्रिंट काढून बघा. फाईल एसआरजीबी रंगात, जेपीईजीमध्ये द्या.

इथे एडिटिंग करू नका

गारपिटीने झोपलेली ज्वारी, फुटलेला बांध, मेलेलं जनावर, अपघात यांचे फोटो पुरावा असतात. त्यांचा रंग गडद करू नका, काही पुसू नका. नुकसान खरं असलं तरी फोटोत फेरफार दिसला की संशय येतो आणि भोगावं शेतकऱ्याला लागतं. मूळ फाईल तशीच ठेवा. तिच्यात तारीख, वेळ आणि लोकेशन सुरू असेल तर जागाही नोंदलेली असते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की ही माहिती निघून जाते. बातमीसाठी फोटो देतानाही तोच नियम: उजेड थोडा वाढवा, पण आहे ते काढू नका आणि नाही ते घालू नका.

सुरुवात अशी करा

आपला एकच अवघड फोटो घ्या, रात्रीच्या वरातीचा किंवा पिवळ्या मांडवातला. तोच फोटो दोन-तीन मोफत सॉफ्टवेअरमध्ये करून बघा, प्रत्येकाला एक-दोन संध्याकाळी द्या. ज्यात हात बसेल ते निवडा आणि निदान एक लग्नसराई तेच वापरा. दर महिन्याला सॉफ्टवेअर बदलणाऱ्याला एकही धड येत नाही.

आणि फोटो दोन ठिकाणी सेव्ह झाल्याशिवाय मेमरी कार्ड पुसू नका, एक प्रत लॅपटॉपमध्ये आणि दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर. ती हार्ड डिस्क कॉपी झाली की काढून कपाटात ठेवा. वर सांगितलेल्या त्या मुलाकडे अशी एक हार्ड डिस्क असती तर लॅपटॉप बिघडला असता, पण लग्नाचे फोटो वाचले असते.