सुईपासून क्लिकपर्यंत : परवानगी कुणाची?

परवा संगणकशास्त्रात पीएच.डी. करणारा भाचा घरी आला होता. लोकांच्या मोबाइलमधून माहिती गोळा करायचा त्याचा विचार आहे. नैतिकता समितीकडे अर्ज केलास का, असं विचारलं तर म्हणाला, "मामू, आम्ही कुणाला औषध थोडंच देतोय? आमचा संबंध मशीनशी."

यात त्याची चूक कमी आणि इतिहासाचा वाटा जास्त आहे.

या समित्यांचा जन्म वैद्यकीय संशोधनातून झाला. 1932 साली अमेरिकेच्या सरकारी आरोग्य खात्याने अलाबामातल्या टस्कीगी इथे सुमारे 600 गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर अभ्यास सुरू केला. त्यांतल्या 399 जणांना सिफिलिस होता. त्यांना आजाराचं खरं नाव सांगितलं गेलं नाही. पुढे पेनिसिलिन हा सर्वमान्य उपचार झाला, तोही दिला नाही. 1972 मध्ये वृत्तपत्रांत बातमी फुटली, तेव्हा कुठे हा प्रकार थांबला. मग 1974 साली कायदा झाला आणि 1979 मध्ये बेल्माँट अहवालाने तीन तत्त्वं मांडली : व्यक्तीचा आदर, तिचं हित आणि न्याय.

तेव्हापासून समितीचा पहिला प्रश्न ठरला : हे संशोधन माणसावर होतंय का? उत्तर 'नाही' आलं की फाइल बंद.

संगणकाच्या संशोधनात अडचण इथेच येते. जॉर्जिया टेक आणि प्रिन्स्टनच्या संशोधकांनी 'एनकोर' नावाची प्रणाली बनवली. कोणत्या देशात कोणती संकेतस्थळं बंद आहेत, हे तिला शोधायचं होतं. हेतू चांगलाच होता. पण पद्धत पाहा. तुम्ही एखादं साधं संकेतस्थळ उघडता. त्यात लपलेला छोटा कोड तुमच्या ब्राउझरला गुपचूप दुसऱ्याच, कदाचित बंदी असलेल्या संकेतस्थळाकडे पाठवतो. तुम्हाला पत्ताही नसतो. सरकारी नोंदीत मात्र तिकडे गेलेले तुम्हीच दिसता. सरकार पाळत ठेवणारं असेल, तर उद्या दारावर थाप पडते ती तुमच्या, संशोधकाच्या नाही.

दोन्ही विद्यापीठांच्या समित्यांनी हे मानवी संशोधनात बसत नाही, असं ठरवलं. नियमाच्या शब्दाप्रमाणे तसं म्हणता येत होतं. 2015 मध्ये सिगकॉम परिषदेने तो निबंध छापला, पण माथ्यावर आपल्या नैतिक शंका नोंदवणारी टीप जोडून. अशी टीप क्वचितच पाहायला मिळते.

खरं तर 2012च्या मेन्लो अहवालाने हा धोका आधीच सांगितला होता : संशोधन यंत्रणेवर असलं, तरी तिच्यामागच्या माणसाला इजा होऊ शकते, ती मोजा. पण ते मार्गदर्शन होतं, कायदा नव्हे. आपल्याकडेही आयसीएमआरची 2017ची मार्गदर्शक तत्त्वं जैववैद्यकीय आणि आरोग्य संशोधनासाठी आहेत. संगणक विभागातल्या मुलाला ती आपली वाटत नाहीत, यात नवल ते काय?

टस्कीगीतल्या माणसांना कुणी विचारलं नाही, कारण ते गरीब होते, काळे होते. एनकोरच्या वाचकांना विचारलं नाही, कारण ते संशोधकाला दिसतच नव्हते. दोन्हींतल्या क्रौर्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे मान्य. पण न विचारता दुसऱ्याच्या जिवावर जोखीम टाकणं, हे दोन्हीकडे घडलं.

भाच्याला एवढंच म्हणालो, "बेटा, लोकांची माहिती ही तुझ्याकडे अमानत असणार. तुझा कोड ज्याच्या मोबाइलमध्ये चालेल, त्याचं काय बिघडू शकतं, ते एका कागदावर लिही. मग समितीकडे जायचं की नाही, ते ठरव."

अजून त्याने कागद दाखवलेला नाही. मी विचारत राहणार आहे.