छायाचित्रांचे बिऱ्हाड

बदलीचा हुकूम हाती आला की सरकारी नोकराच्या घरात पहिला विचार होतो तो सामानाचा. काय न्यावयाचे, काय देऊन टाकावयाचे हे एकदा ठरले, की क्वार्टरच्या किल्ल्या परत करावयाच्या आणि निघावयाचे. गेल्या बारा वर्षांत तीन राज्यांतून असे बिऱ्हाड हलविताना एका सामानाविषयी मात्र मी निर्धास्त होतो. ती माझी छायाचित्रे. आंतरजालावरील एका संकेतस्थळावर ती सुखरूप आहेत, अशी माझी समजूत होती. पुढे ते संकेतस्थळ बंद झाले. त्याची पूर्वसूचना ज्या ई-मेलवर आली, तो मी केव्हाच वापरेनासा झालो होतो. माझी आई प्रथमच ब्रह्मपुत्रेच्या काठी उभी राहिली त्या दिवसाची चित्रे तेथे होती. आज आई नाही आणि ती चित्रेही नाहीत. नवी जागा शोधण्याची वेळ आली तेव्हा अशा जागांचा पूर्वेतिहास मी पाहू लागलो. माझ्यासारख्याच फिरतीवरील वाचकांस तो उपयोगी पडेल, म्हणून येथे मांडीत आहे.

काढलेले चित्र ठेवावे कोठे आणि चार जाणत्यांपुढे मांडावे कसे, ही हौशी छायाचित्रकाराची जुनीच अडचण आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हेही तिचे सभासद होते. पुढे विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या काळात हौशी छायाचित्रकारांचा एक आल्बम मासिकरूपाने काढला. त्यात छापील चित्रे नसून प्रत्यक्ष छायाचित्रांच्या प्रती चिकटविलेल्या असत. आल्बम दोन-तीन वर्षांतच थांबला. परंतु त्याच्या प्रती निरनिराळ्या घरी पोहोचल्या होत्या, आणि त्यांतील काही आजही संग्रहालयांत पाहावयास मिळतात. प्रकाशन संपले तरी चित्रे उरली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आंतरजालावर हीच हौस प्रथम मोठ्या प्रमाणावर भागविली ती जिओसिटीज या संस्थेने. १९९४ साली अमेरिकेत तिचा आरंभ झाला. तिची रचना एखाद्या नगरासारखी होती. विषयवार वस्त्या पाडलेल्या, आणि प्रत्येक रहिवाशाला घरक्रमांकासह फुकट जागा. लाखो लोकांनी तेथे आपली पाने मांडली, घरची चित्रे लावली. १९९९ मध्ये याहूने ही संस्था विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेतील ते नगर मोडून टाकले. काही स्वयंसेवकांनी शेवटच्या दिवसांत जमेल तेवढ्या पानांच्या नकला करून ठेवल्या, म्हणून त्याचा काही भाग वाचला.

तरीही छायाचित्रकारांची खरी पेठ म्हणावी ती फ्लिकर. कॅनडातील व्हँकूव्हर येथे फेब्रुवारी २००४ मध्ये ती सुरू झाली. स्ट्यूअर्ट बटरफील्ड आणि कॅटरिना फेक यांची मंडळी वस्तुतः एक खेळ तयार करीत होती. त्या खटपटीतून हे निघाले. चित्राला विषयाच्या चिठ्ठ्या लावाव्यात, समानशीलांचे गट करावेत, अनोळखी माणसाने अभिप्राय द्यावा, ही सोय एकाकी हौशी माणसाला मोठी आधाराची वाटली. २००८ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपली जुनी चित्रे तेथे मांडण्यास प्रारंभ केला, यावरून त्या पेठेची प्रतिष्ठा कळून येईल. परंतु मालकी स्थिर राहिली नाही. २००५ मध्ये याहूने ती घेतली. २०१३ मध्ये प्रत्येकास एक टेराबाइट जागा फुकट देऊ केली गेली. २०१८ मध्ये ती स्मगमगकडे गेली, आणि त्याच वर्षी फुकट खात्यावर १,००० चित्रांची मर्यादा जाहीर झाली. फुकट जागेचा खर्च कोणीतरी सोशीत असतो, आणि सोसणारा बदलला की नियम बदलतात. स्मगमग स्वतः २००२ पासून वर्गणी घेऊन चालत आली होती, हेही येथे नमूद केले पाहिजे.

इतरांची कथा याहून फारशी वेगळी नाही. कोडॅकसारख्या नामवंत कंपनीची आंतरजालावरील गॅलरी २०१२ मध्ये बंद झाली. फोटोबकेटने २०१७ मध्ये, आपल्याकडील चित्रे अन्य संकेतस्थळांवर दाखविण्यासाठी वर्षाला सुमारे ४०० डॉलरांची मागणी केली, आणि जगभरच्या असंख्य पानांवर चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसू लागल्या. इन्स्टाग्रामवर तर २०१० पासून २०१५ पर्यंत चित्र चौरसच असावे लागे. म्हणजे तेथे घरमालकच भाडेकरूच्या चित्राचा आकार ठरवीत होता.

या सर्वांहून निराळी वाट २००३ साली निघाली. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी वर्डप्रेस हे साधन मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केले. ते कोणीही घ्यावे आणि भाड्याच्या कोणत्याही यंत्रावर चालवावे. एका भाडेदात्याशी पटले नाही, तर चित्रे आणि मजकूर उचलून दुसरीकडे जाता येते. याला स्वतःच्या नावाच्या पत्त्याची जोड दिली, तर घर बदलले तरी पत्ता बदलत नाही. २०१४ पासून ‘.भारत’ या देवनागरी अक्षरांतही असा पत्ता मिळू लागला.

या वाटेला उणिवा नाहीत असे नव्हे. पत्त्याचे शुल्क वेळच्या वेळी भरावे लागते. विसरल्यास तोही जातो. शिवाय स्वतःच्या घरी आपण होऊन कोणी येत नाही. फ्लिकरच्या पेठेत एका संध्याकाळी जितके लोक चित्रापाशी थांबत, तितके माझ्या नव्या पत्त्यावर महिन्यातही फिरकत नाहीत, आणि याचे वाईट वाटत नाही असे मी म्हणणार नाही. म्हणून पेठेत मी निवडक चित्रे अजूनही मांडतो. पण बिऱ्हाड तेथे ठेवीत नाही.

आमच्या कचेरीत प्रत्येक नोकराचे एक सेवापुस्तक असते. माणूस कोठेही बदलून गेला तरी ते त्याच्या मागोमाग नव्या कचेरीत पोहोचते. आपली छायाचित्रेही तशीच राहावीत, एवढीच माझी अपेक्षा आहे. म्हणून मूळ प्रती मी दोन तबकड्यांवर ठेवल्या आहेत, आणि त्यांतील एक साताऱ्यास धाकट्या भावाकडे असते. दर दिवाळीस वर्षातील बारा चित्रे कागदावर छापून घेतो आणि आल्बमात चिकटवितो. जॉन्सन-हेंडरसन यांनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी केले ते याहून निराळे नव्हते. पहिला आल्बम उघडला तेव्हा मात्र आरंभीचे एक पान मी कोरेच सोडले. ब्रह्मपुत्रेकाठची ती चित्रे कोणा नातलगाच्या जुन्या फोनमध्ये निघालीच, तर तेथे लावता येतील.