बेबीताईंनी लपवलेले कागद आणि आपल्या आज्या

आपल्या खामगावात एखादी आजी गेली की पुण्यानुमोदनाची पत्रिका निघते. वर ‘कालकथित’, खाली ‘प्रेमळ पत्नी, माता व आजी’, आणि मग मुला-नातवंडांची भली मोठी यादी. प्रेम खरेच असते, त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार एवढीच, की ऐंशी वर्षांचे आयुष्य तीन नात्यांत संपते आणि ती तिन्ही नाती दुसऱ्या कुणाची तरी असतात.

‘जिणं आमुचं’ लिहिणाऱ्या बेबीताई कांबळे यांच्यावर अशीच पत्रिका निघाली असती तर काय उरले असते, याचा विचार करून पाहा. जन्म १९२९, वीरगाव, तालुका पुरंदर. आजोळी बालपण. तेराव्या वर्षी लग्न, नंतर फलटणचा संसार. दहा बाळंतपणे, त्यातली तीन मुले लहानपणीच गेली. नवरा-बायकोने किरकोळ विक्रीतून छोटे दुकान उभे केले. पत्नी झाली, माता झाली, आजीही झाली. पत्रिका पूर्ण!

पण याच दुकानात पुड्या बांधायला रद्दी यायची आणि बेबीताई ती वाचत बसायच्या. वाचता वाचता लिहू लागल्या. लिहिलेले कागद घरात कुणाचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी दडवून ठेवले. किती दिवस? सुमारे वीस वर्षे! कुणापासून? नवऱ्यापासून. फलटणला राहणाऱ्या अभ्यासक मॅक्सिन बर्नसन यांनी पाठबळ दिले, तेव्हा ते लेखन १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः बाहेर आले. पुस्तक आले १९८६ साली.

त्या पुस्तकात महारवाड्याची उपासमार आहे, जेजुरीला ऐकलेले बाबासाहेब आहेत, सासुरवाशिणीच्या पायात घातलेला लाकडी खोडाही आहे. म्हणजे सवर्णांचा जुलूम लिहिताना त्यांनी आपल्या घरातला जुलूम झाकला नाही. मात्र स्वतः खाल्लेला मार त्यात नाही. त्याबद्दल त्या फार पुढे अनुवादक माया पंडित यांच्याशी बोलल्या. नवरा माणूस म्हणून चांगला, पण त्या पिढीतल्या पुरुषांसारखाच बाईला कमी लेखणारा, असे त्यांचे सांगणे. पुस्तकात का नाही? तर समाजाचे दुःख त्यांना आपल्या दुःखाहून मोठे वाटले.

आमचे काही कार्यकर्ते मित्र लगेच म्हणतात, ‘बघा, बेबीताईंनीसुद्धा घरातले बाहेर काढले नाही. आपण का काढायचे? विरोधकांच्या हाती कोलीत कशाला?’ हा युक्तिवाद लंगडा आहे. काय लिहायचे आणि काय मागे ठेवायचे, हे बेबीताईंनी स्वतः ठरवले, आणि मागे ठेवलेलेही पुढे स्वतःच सांगितले. आपण आजीला विचारतच नाही आणि त्या न विचारण्याला समाजहित म्हणतो. शिवाय २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत, जिच्या अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या, बाबासाहेबांनी हजारो बायांसमोर काय सांगितले? लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभे राहावे, गुलाम होऊ नये. घरातली गोष्ट त्यांनी मंडपात मांडली होती. कोलिताची भीती त्यांना वाटली नाही.

त्या परिषदेला गेलेल्या बायांचा, त्यांच्या पिढीचा शोध उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी घेतला. गावोगाव जाऊन मुलाखती घेतल्या, तेव्हा १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक उभे राहिले. कागदपत्रे जवळपास नव्हतीच. म्हाताऱ्यांची आठवण हाच दस्तऐवज होता.

आपल्याकडे तर कापसाचे गाव. जलंब-खामगाव रेल्वे १८७० ची, ती या कापसासाठीच आली. बाजार, गाठी, व्यापारी यांची नोंद सरकारी दप्तरात मिळते. कापूस वेचणारीचे नाव कुठेच नाही. ते फक्त आपल्या घरात मिळेल, तेही ती आहे तोवर. बेबीताई २१ एप्रिल २०१२ ला गेल्या, पण त्यांचे पुस्तक आहे. ५६ साली दहा-बारा वर्षांची असलेली पोर आज ऐंशीच्या घरात आहे.

तेव्हा मित्रांनो, मोबाईल काढा आणि आजीजवळ बसा. वेचणीची मजुरी मणामागे होती की रोजाने? पैसे कोणाच्या हातात पडत? दीक्षेला घरातून कोण गेले, मागे लेकरे कोणी सांभाळली? घरातले देव कोणी काढले, तेव्हा सासू काय म्हणाली? आणि आजोबा खोलीत नसतील तेव्हा, त्यांनी कधी हात उगारला होता का, हेही विचारा.