करवंद

कण्हेरीच्या (→ कण्हेर) ॲपोसायनेसी कुलातील काटेरी, सदाहरित जाळीचे आंबटगोड रानफळ. शास्त्रीय नाव कॅरिसा कॅरंडास, सह्याद्रीतील रानटी प्रकारास कॅरिसा कंजेस्टा असेही म्हणतात.

मूळचे भारतीय उपखंडातील. कळंबोलीच्या (ता. पनवेल, जि. रायगड) वसाहतीत जाळी विरळाच, कर्नाळा व माथेरानच्या उतारांवर मात्र ती मुबलक आढळते. ठाकूर व कातकरी स्त्रिया एप्रिल-मेमध्ये पानांच्या द्रोणांतून ‘डोंगरची काळी मैना’ विकतात.

फुले पांढरी, सुवासिक. फळ हिरवे, मग तांबूस, पिकल्यावर काळे. देठाशी चिकट पांढरा चीक. गर लाल निघाल्यास ‘कोंबडा’, पांढुरका निघाल्यास ‘कोंबडी’, हा मुलांचा खेळ कोकणात परिचित आहे.

ताज्या फळात सुमारे नऊ-दशांश पाणी असते. शिवाय क जीवनसत्त्व, लोह व सालीत अँथोसायनिन रंगद्रव्ये. कच्च्या फळात पेक्टिन भरपूर, त्यामुळे जेली चांगली धरते.

कच्च्या करवंदांचे लोणचे कैरीसह किंवा नुसते घालतात: फळे धुऊन, देठ काढून, चीक जाईपर्यंत मिठाच्या पाण्यात ठेवतात, ठेचून बिया काढतात, मग मोहरीची डाळ, हिंग, तिखट व गार केलेली फोडणी. ओली मिरची व गूळ घालून चटणी करतात. पिकलेल्यांचे सरबत व मुरंबा होतो. केकवरील लाल ‘चेरी’ पुष्कळदा पाकवलेले, रंगवलेले करवंदच असते.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण बोल्ड’ हे मोठ्या फळांचे वाण दिले आहे. शेताच्या कुंपणासाठीही जाळी लावतात. (पहा : जांभूळ, तोरण, लोणचे).