पाळक, मंडळी आणि मौन

कोणत्याही धर्मसमाजाची खरी परीक्षा त्याचा संस्थापक बोलत असतो तेव्हा होत नाही. तो गेल्यावर त्याच्या जागी कोणी उभे राहायचे, हा प्रश्न ज्या दिवशी पडतो, त्या दिवशी ती होते. वैराग-बार्शीच्या आमच्या भागात पंढरीची वाट घराघरांत ठाऊक असते. त्यामुळे या प्रश्नाची दोन उत्तरे आम्हांस परिचयाची आहेत. एक वंशाचे आणि दुसरे गुरुशिष्यपरंपरेचे. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी 1685 मध्ये देहूची पालखी सुरू केली. पुढे 19व्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी आळंदीच्या सोहळ्याला शिस्त लावली आणि त्यांच्या वंशजांचा मान आजही राखला जातो. वासकर, देहूकर ही फडांची नावेच वारसा कसा चालतो ते सांगतात. विणा कोणाच्या गळ्यात पडणार, याविषयी फारसा संभ्रम तेथे सहसा राहत नाही.

मराठी समाजाने या प्रश्नाचे तिसरे एक उत्तर गेल्या दोन शतकांत आजमावून पाहिले आहे: मंडळीने आपला पुढारी स्वतः निवडावा. अहमदनगर आणि सोलापूर भागातील मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचा हा प्रयोग आमच्या वाङ्मयेतिहासात जवळजवळ अदृश्य आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक आम्ही कवी म्हणून वाचतो. त्यांच्या आयुष्यातील अखेरचा मोठा निर्णय मात्र काव्याविषयीचा नसून नेतृत्वाविषयीचा होता, हे आमच्या ध्यानात राहत नाही. या तिसऱ्या उत्तराचे सामर्थ्य आणि दुबळेपणा नीट दिसावा, म्हणून प्रथम चौथ्या आणि सर्वांत टोकाच्या उत्तराकडे वळतो. ते उत्तर क्वेकरांचे.

17व्या शतकाच्या मध्यास इंग्लंडात जॉर्ज फॉक्स याच्या प्रेरणेने उभा राहिलेला हा पंथ स्वतःस 'मित्रांचा समाज' म्हणवतो. प्रत्येक माणसात ईश्वरी प्रकाशाचा अंश आहे, तर मग मध्यस्थ धर्मगुरू हवा कशाला, हा त्यांचा मूळ प्रश्न. त्यांच्या जुन्या पद्धतीच्या उपासनेत वेदी नाही, प्रवचनाचे आसन नाही, ठरलेली प्रार्थना नाही. सर्वजण मौन धरून बसतात आणि ज्याला आतून प्रेरणा होईल तो, अथवा ती, उठून चार शब्द बोलते. स्त्रियांच्या बोलण्याच्या हक्काचे समर्थन करणारी मार्गारेट फेल हिची पुस्तिका 1666 मधली आहे.

कारभाराची रीतही अशीच. सभेला अध्यक्ष नसतो. क्लार्क असतो, आपल्या भाषेत कारकून म्हणा. मत मोजायचे नाही, बहुमताने कोणास हरवायचे नाही. सभेचा कल कोणीकडे झुकला आहे हे क्लार्कने ओळखायचे, तेथेच त्याचे इतिवृत्त लिहायचे आणि वाचून दाखवायचे. सभेने मान्य केले की तो निर्णय. क्लार्कची मुदत संपली की दुसरा येतो. येथे नेतृत्वबदलाचा प्रसंग जवळजवळ उरतच नाही, कारण रिकामी होण्यासारखी गादीच नाही. लंडनच्या वार्षिक सभेने 1924 मध्ये उपदेशकांची वेगळी नोंद करण्याची जुनी प्रथाही बंद केली. मात्र हेही सांगितले पाहिजे, की 19व्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या मध्य व पश्चिम भागांतील अनेक क्वेकर सभांनी पगारी पाळक नेमण्यास आरंभ केला. मौनाला बांधून राहणे मित्रांनाही सर्वत्र जमले नाही.

हिंदुस्थानात क्वेकर मिशनचा आरंभ 1866 मध्ये रेचल मेटकाफ या बाईंच्या आगमनाने झाला आणि पुढे नर्मदाकाठचे होशंगाबाद हे त्यांचे मुख्य ठाणे ठरले. अमेरिकन क्वेकर 1896 पासून बुंदेलखंडात नौगाव येथे काम करू लागले. मराठी मुलखाशी मात्र त्यांचा लक्षात राहण्याजोगा संबंध आला तो मिशनच्या नव्हे, सेवाग्रामच्या वाटेने. गांधींच्या पश्चात नई तालीमच्या कामात उमेदीची वर्षे घालणाऱ्या मार्जरी साइक्स या क्वेकर होत्या. हिंदुस्थानातील क्वेकरांचा इतिहास लिहिताना त्यांनी त्यास 'विसरले गेलेले शतक' म्हटले, हेही अर्थपूर्ण आहे.

आता मराठी मंडळ्यांकडे येऊ. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले. हॉल 1826 मध्ये प्रवासातच पटकीने गेले. 1831 मध्ये मिशनने अहमदनगरास ठाणे केले आणि दोन वर्षांत तेथे मंडळी स्थापन झाली. हे मिशन प्राधान्याने काँग्रिगेशनल विचाराचे होते, म्हणजे क्वेकरांप्रमाणेच इंग्लंडातील 17व्या शतकाच्या धर्मविद्रोहाशी नाते सांगणारे. त्यांना पाळक चालत असे, बाप्तिस्मा व प्रभुभोजन चालत असे. पण बिशप चालत नसे. प्रत्येक गावची मंडळी स्वतंत्र. तिने आपला पाळक निवडावा, त्याचा निर्वाह करावा आणि पटत नसेल तर त्यास निरोप द्यावा, हे त्यांचे तत्त्व.

तत्त्व असे असूनही पहिली दोन दशके मंडळीची सूत्रे मिशनऱ्यांच्याच हाती राहिली. बदल झाला तो 1854 मध्ये. त्या वर्षी हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांस पाळकपदाची दीक्षा देण्यात आली आणि नगरच्या मंडळ्या त्यांच्याकडे सोपविण्यात आल्या. याच सुमारास बोस्टनहून मिशन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन पाहणीसाठी हिंदुस्थानात आले होते. मंडळीने आपला कारभार, आपला खर्च आणि आपला प्रसार स्वतः करावा, या तीन सूत्रांशी त्यांचे नाव जोडले जाते. इंग्रजी शाळांवरचा भर कमी करून देशी भाषेत शिकलेले गावोगावचे पाळक तयार करावेत, असा त्यांचा आग्रह होता. तो आग्रह मराठीच्या पथ्यावर पडला. इंग्रजी शिक्षणाची दारे ज्यांना नुकती कोठे दिसू लागली होती त्यांच्या मात्र तो पथ्यावर पडला असे म्हणवत नाही.

येथे दोन पेच दिसतात. पहिला जातीचा. नगर भागातील मंडळ्यांत पुढे बहुसंख्य झाले ते महार-मांग समाजांतून आलेले लोक. पहिले दोन पाळक मात्र ब्राह्मण कुळांतले. मंडळीने निवडावे हे तत्त्व खरे. पण निवडीस पात्र ठरण्यासाठी लागणारी अक्षरविद्या ज्या समाजाला शतकानुशतके नाकारली गेली, त्याने निवडायचे कोणाला? या प्रश्नाचे उत्तर सभेत मिळण्यासारखे नव्हते. ते गावच्या शाळेत हळूहळू तयार झाले. त्या शाळेतला मास्तरच रविवारी उपदेशक होई आणि त्याच्या हाताखाली शिकलेली मुले पुढे मास्तर होत.

दुसरा पेच पैशाचा. 'पाळक' हा शब्दच पाहा. पाळणारा तो पाळक; जो कळपाला चारा-पाण्याला नेतो, राखतो. पण गावातल्या पाळकाच्या घरची चूल कोण पेटवी? मंडळीची ऐपत नसे. मग पगार मिशनकडून येई आणि मिशनला पैसा बोस्टनहून. पाळणाऱ्याला पाळणारे हात समुद्रापलीकडे असले, म्हणजे त्याला मंडळीने निवडले या म्हणण्यास कितीसा अर्थ उरतो? 1876-77 च्या दुष्काळाने सोलापूर जिल्हा होरपळला. शतकाच्या अखेरीस पुन्हा दोनदा तशीच पाळी आली. अशा वर्षी पाळकाने उपदेश करावा की धान्य वाटावे, हा प्रश्न पाळकापुरता सुटलेला असे: दोन्ही करावे लागे. परंतु धान्य वाटणारा हात हाच मंडळीचा पुढारी ठरला, की निवड उरते नावाची.

'मंडळी' या शब्दाने मात्र आपले देशी पाणी सोडले नाही. भजनी मंडळी, नाटक मंडळी, घरची मंडळी, या सर्वांची ऊब त्या शब्दात आहे. म्हणूनच की काय, मंडळीतील खरे पुढारपण पुष्कळदा दीक्षेच्या बाहेर वाढले. नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तनाला रूप दिले. पेटी, मृदंग आणि आख्यान घेऊन गावात उभा राहणारा कीर्तनकार लोकांना पाळकाहून जवळचा वाटला असल्यास नवल नाही. त्याला मान देण्यास कोणाच्या ठरावाची गरज नव्हती.

टिळकांची कहाणी या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला तो मिशनऱ्याच्या हस्ते नव्हे, रेव्हरंड तुकाराम नथोजी यांच्या हस्ते. दीक्षा कोणाच्या हातून घ्यावी, हा त्यांच्या लेखी आरंभापासूनच तत्त्वाचा प्रश्न होता. 1904 मध्ये ते स्वतः दीक्षित पाळक झाले, 1912 पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले, आणि 1917 मध्ये त्यांनी मिशनचा संबंध सोडून संन्यासवृत्ती पत्करली. साताऱ्यास त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला: बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांचा बंधुसमाज.

या दरबारात आणि क्वेकर सभेत विलक्षण साम्य आहे. दोहोंनी बाह्य विधीचा उंबरठा सैल केला, दोहोंना परक्या पगाराची मध्यस्थी नको होती. फरक आहे तो एकच, पण निर्णायक. क्वेकरांनी गादीच मोडून टाकली. टिळकांनी मिशनची गादी नाकारून तिच्या जागी आपली, संतपरंपरेतली, गुरूची बैठक घातली. तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलेल्या कवीला हे स्वाभाविकच होते. मात्र गुरूच्या बैठकीला शिष्य घडवण्यास वेळ लागतो, आणि वेळच नव्हता. 9 मे 1919 रोजी टिळक निवर्तले. दरबार त्यांच्यामागे फार काळ उभा राहिला नाही. त्यांचे चरित्रकार जे. सी. विन्स्लो यांनी 1922 मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला, त्यात टिळकांच्या स्वप्नाचा धागा दिसतो. पण त्या संघाचा पुढारी पुन्हा इंग्रजच होता.

टिळकांचा वारसा खऱ्या अर्थाने चालला तो भलत्याच ठिकाणी. त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. लक्ष्मीबाईंनी, ज्यांना लिहितावाचता येणे हेच लग्नानंतरचे कष्टार्जित होते, त्यातील बहुतांश अध्याय लिहिले. 1936 मध्ये त्या गेल्या आणि 1938 मध्ये पुत्र देवदत्त यांनी ते काव्य प्रसिद्ध केले. दरबारात जे साधले नाही ते कागदावर साधले: एकाने अर्धवट सोडलेले वाक्य दुसरीने उचलले आणि तिसऱ्याने लोकांपुढे ठेवले. कोणी कोणाच्या गादीवर बसले नाही. 'स्मृतिचित्रे' वाचताना आम्ही टिळकांच्या विक्षिप्त औदार्याला हसतो. पण तो ग्रंथ धर्मसेवेच्या संसाराचा जमाखर्चही आहे. सेवकाच्या प्रत्येक थोर निर्णयाची किंमत स्वयंपाकघरात कोण मोजत होते, हे मंडळीच्या इतिहासांनी लिहिले नाही. ते लक्ष्मीबाईंनी लिहिले.

पुढचा भाग थोडक्यात सांगता येतो. 1924 मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र येऊन उत्तर हिंदुस्थानची संयुक्त मंडळी झाली, आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे सहा मंडळ्यांच्या संयोगातून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आले. ज्यांच्या पूर्वजांना बिशप नको होता त्यांना बिशप मिळाला. यास केवळ पराभव म्हणणे योग्य नव्हे. स्वतःच्या पाळकाचा निर्वाह करू न शकणाऱ्या लहान गावालाही मोठ्या व्यवस्थेतून पाळक मिळू शकतो, आणि गावातल्या एखाद्या धनिकाच्या मर्जीवर त्याची चाकरी अवलंबून राहत नाही. गेले ते एवढेच, की 'हा आम्ही निवडलेला' असे म्हणण्याचा मंडळीचा अधिकार पूर्वीसारखा थेट राहिला नाही.

मग क्वेकरांची सर्वसंमतीच श्रेष्ठ म्हणावी काय? या प्रश्नावर मराठी भूमीतलाच एक अनुभव सावध करतो. गांधींनंतर विनोबांनी एका नेत्याऐवजी गणसेवकत्वाचा विचार मांडला, आणि सर्व सेवा संघाने सर्वसंमतीची रीत स्वीकारली. जयप्रकाशांच्या बिहार आंदोलनाच्या प्रश्नावर 1974-75 मध्ये ती रीत ताणली गेली आणि तुटली. विनोबांनी 25 डिसेंबर 1974 पासून वर्षभराचे मौन धरले होते. सर्वोदयी कार्यकर्ते त्या मौनाचे अर्थ लावीत राहिले. क्वेकरांचे मौन सर्वांचे असते, म्हणून त्यातून कोणीही बोलू शकतो. एकाचे मौन मात्र इतरांना त्याच्या ओठांकडे पाहत बसवते. सर्वसंमतीचा नियम लिहून ठेवला म्हणजे गादी मोडत नाही, कधीकधी ती अदृश्य होते इतकेच.

वंश, शिष्यत्व, निवड आणि सर्वसंमती या चारही रीती आम्ही मराठी माणसांनी कमीअधिक वापरून पाहिल्या आहेत. त्यांतील एकही निर्दोष ठरलेली नाही. तरीही नगर-सोलापूरकडच्या मंडळ्यांचा अनुभव आम्हांस मोलाचा वाटतो, कारण पुढारी कोण या प्रश्नाखाली दडलेले दोन प्रश्न त्याने उघडे केले: निवडण्यास लागणारी विद्या कोणाजवळ आहे, आणि निवडलेल्याच्या घरची चूल कोणाच्या पैशावर पेटते. साहित्यसंस्था, शिक्षणसंस्था, विद्यापीठांचे विभाग, यांतील उत्तराधिकाराच्या भांडणांनाही हेच दोन प्रश्न लावून पाहावेत. बैठकीत कोण बोलले याहून बैठकीबाहेर कोण शिकले आणि कोणी खर्च सोसला, याची नोंद अधिक खरी असते. ती नोंद ठेवण्याचे काम इतिवृत्ताच्या वहीने जेथे केले नाही, तेथे 'स्मृतिचित्रे'सारख्या एखाद्या पुस्तकाने केले आहे.