‘हे बरोबर वाटत नाही... कदाचित असेलही’

तालुक्याच्या गावातही आता स्पोकन इंग्लिशचे क्लास निघालेत. तिथे सुरुवातीलाच शिकवतात की, इंग्रजीत कुणाला थेट ‘हे करा’ म्हणायचं नाही. ‘मेबी वी कुड’ म्हणा, ‘आय वॉज वंडरिंग’ म्हणा. शिकवतात ते बरोबरच आहे. इंग्रज काय, अमेरिकन काय, रोजच्या बोलण्यात असंच बोलतात. पण या सवयीची दुसरी बाजू क्लासमध्ये कुणी सांगत नाही. ती आज सांगतो. पोस्ट जरा मोठी आहे, पण वाचा.

आधी हे बोलणं चालतं कसं ते बघू. ‘आय वॉज वंडरिंग’मध्ये क्रियापद भूतकाळाचं, पण काम मात्र आत्ताचं. ‘कुड’ आणि ‘माइट’ हीसुद्धा मुळात भूतकाळाचीच रूपं. बोलणारा आपली सूचना मुद्दाम थोडी लांब नेऊन ठेवतो. म्हणजे समोरच्याला नाही म्हणणं सोपं जातं आणि दोघांचाही मान राहतो. विधानाच्या शेवटी ‘डझ इट?’ असं शेपूट लावलं की ठाम मतसुद्धा नुसती विचारणा होऊन जातं. चहाच्या टेबलावर हे छानच.

आता चला १३ जानेवारी १९८२ च्या वॉशिंग्टनला. जोरदार बर्फ पडत होता. एअर फ्लोरिडाचं फ्लाइट ९०, बोइंग ७३७, नॅशनल विमानतळावर उड्डाणाच्या रांगेत उभं होतं. पंखांवरचा बर्फ काढून झाला होता, पण त्यानंतर पाऊण तासाहून जास्त वेळ गेला. बर्फ पुन्हा साचायला लागला.

सहवैमानिकाला ते दिसत होतं. कॉकपिटमधलं रेकॉर्डिंग पुढे तपासात आलं, म्हणून तो काय म्हणाला ते आपल्याला माहीत आहे. आधी म्हणाला, त्या विमानाच्या मागे बर्फ कसा लटकलाय बघ. मग म्हणाला, हा बर्फ काढत बसणं म्हणजे हरायचीच लढाई, उगाच खोटा दिलासा. नंतर म्हणाला, बराच वेळ थांबलोय, पंख पुन्हा बघू या का. कॅप्टनचं उत्तर होतं की, आता मिनिटभरात आपला नंबर लागेलच.

तीनदा सांगितलं, पण ‘परत जाऊ, पुन्हा बर्फ काढून घेऊ’ हे वाक्य काही तोंडातून निघालं नाही.

विमान धावपट्टीवर धावू लागलं. इंजिनाच्या सेन्सरवर बर्फ बसला होता, त्यामुळे काटा पुरेशी ताकद दाखवत होता, पण प्रत्यक्षात ती बरीच कमी होती. सहवैमानिकाला आकडे खटकले. ‘हे बरोबर वाटत नाही, हो ना?’ कॅप्टन म्हणाला, बरोबर आहे. पुन्हा हा, ‘मला नाही वाटत बरोबर आहे.’ आणि लगेच स्वतःच माघार, ‘कदाचित असेलही.’

तेव्हा उड्डाण थांबवता आलं असतं. नाही थांबवलं. अर्ध्या मिनिटात विमान फोर्टीन्थ स्ट्रीट पुलावर आदळून पोटोमॅक नदीत पडलं. विमानातल्या ७९ पैकी ५ वाचले. पुलावरच्या गाड्यांमधले ४ जण गेले. एकूण ७८ मृत्यू. सहवैमानिकाचं शेवटचं वाक्य रेकॉर्डिंगमध्ये आहे, ‘लॅरी, आपण खाली जातोय.’ त्यात ‘मेबी’ नाही, शेपूट नाही. कॅप्टनचं उत्तर, ‘माहितीय.’

एक गोष्ट लक्षात घ्या. तो कॅप्टनला नावाने हाक मारत होता. म्हणजे ‘साहेब, साहेब’ करणारा हा माणूस नव्हता. दबाव कुणी टाकला नव्हता, तो भाषेतच मुरलेला होता.

हे पहिल्यांदा घडत होतं असंही नाही. २८ डिसेंबर १९७८ ला पोर्टलंडजवळ युनायटेडचं एक विमान चाकांच्या बिघाडामुळे घिरट्या घालत राहिलं. इंधन संपत आल्याचं सोबतचे दोघे बोलले, पण कॅप्टनच्या डोक्यात शिरेल इतक्या स्पष्ट शब्दांत नाही. इंधन संपलं, विमान पडलं, १० जण गेले. तपास यंत्रणेने सांगितलं की, कॅप्टनला ऐकायला शिकवा आणि बाकीच्यांना ठामपणे बोलायला. १९७९ मध्ये नासाने यावर परिषद घेतली, १९८१ मध्ये युनायटेडने प्रशिक्षण सुरू केलं. पोटोमॅकनंतर ते फार कुणाला पटवून द्यावं लागलं नाही. १९८८ मध्ये शार्लट लिंड या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी कॉकपिटमधली संभाषणं तपासून दाखवलं की, वरिष्ठांशी बोलताना सूचना मऊ होते आणि मऊ सूचना जास्त वेळा वाया जाते.

आज वैमानिकांना एक पद्धत शिकवतात. आधी हाक मारा. मग काळजी वाटतेय हे सांगा. अडचण सांगा. उपाय सांगा. आणि शेवटी विचारा, ‘पटतंय का?’ बघा, नम्रता काढून टाकलेली नाही. फक्त तिची जागा बदललीय. आधी मुद्दा ठोकून सांगायचा, विचारणा नंतर.

आता आपल्याकडे बघा. ‘साहेब, जमलं तर एकदा त्या पुलाकडे बघा बुवा’ असं म्हणणारे मीही मीटिंगांमधून खूप ऐकलेत. बातमी लिहिताना मीही ‘असे समजते’ची पळवाट कैकदा घेतलीय. अदब हवीच. पण पंखावर बर्फ दिसत असेल, तर ‘बर्फ आहे, थांबा’ हेच म्हणायला हवं. आणि खुर्चीत बसलेल्याने हाताखालचा माणूस ‘मला आपलं वाटतं...’ म्हणाला की तिथेच थांबून विचारावं, काय दिसलं तुला?

तुमच्या ऑफिसात, शाळेत, ग्रामसभेत असं शेवटचं कधी कुणी विचारलं होतं? कमेंटमध्ये सांगा. आणि स्पष्ट सांगा.